डीपीपासून प्लेटपर्यंत

भंडारा जिल्ह्यातल्या सानगडीत व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर सांभाळायचा, तर आधी धानाचे वेळापत्रक पाठ हवे. पावसाळी रोवणी आभाळाच्या भरवशावर उरकते, तेव्हा मोटारींचा जोर फारसा नसतो. जानेवारी-फेब्रुवारीत उन्हाळी धान लागला, की विहिरी आणि बोड्यांवरच्या मोटारी एकदम सुरू होतात आणि संध्याकाळी घरातले २३० व्होल्ट १७० वर येतात. बल्ब तांबडा पडतो, पंख्याची पाती मोजता येतात. घरच्या माणसाला एवढेच दिसते. व्हॉल्व्हला मात्र ते फार खोलवर लागते. इतक्या वर्षांचा हिशेब मांडताना मला आज एक गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते: आमच्या भागात हॅमच्या, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांच्या, जुन्या अ‍ॅम्प्लिफायरचे बहुतेक आजार व्हॉल्व्हचे नव्हतेच, ते पुरवठ्याचे होते. आणि पुरवठा म्हणजे खोक्यातला ट्रान्सफॉर्मर एवढेच नाही. तो गावच्या डीपीपासून सुरू होतो.

ज्या संचाविषयी लिहितो आहे, तो घरी जुळवलेला, एका ८१३ व्हॉल्व्हचा. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराचा डिस्पोजल माल मुंबईच्या बाजारात आला, त्यातून ८०७ आणि ८१३ हे दोन व्हॉल्व्ह आपल्याकडच्या हौशी रेडिओवाल्यांच्या हाती लागले आणि पुढे कित्येक वर्षे त्यांच्यावरच काम चालले. परदेशी तयार संच आणणे खर्चाचे आणि परवानग्यांचे काम होते. ८१३ ची निवड उगाच नव्हती. १९७८ च्या नियमांत सर्वांत वरच्या श्रेणीलाही ४०० वॅटची मर्यादा होती; प्लेटला २००० व्होल्ट आणि २०० मिलिअँपियर दिले की बरोबर तेवढेच होतात. फिलामेंट १० व्होल्ट, ५ अँपियर. पेटल्यावर त्याच्या उजेडात मीटरचे आकडे वाचता येतात.

त्याआधीचाही एक काळ होता आणि तो महाराष्ट्राचा आहे म्हणून सांगतो. महायुद्ध सुरू होताच सरकारने हौशी परवाने थांबवले. तरी १९४२ च्या ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काँग्रेस रेडिओ चालवला. त्याचा ट्रान्समीटर उभा करण्यात नरिमन प्रिंटर यांचा हात होता, आणि माग लागू नये म्हणून जागा वारंवार बदलावी लागे. व्हॉल्व्हचा ट्रान्समीटर ज्याने एकदा तरी उचलला आहे, त्याला या जागाबदलाचे मोल कळते. सगळ्यात जड असतात ते ट्रान्सफॉर्मर आणि चोक. नवी खोली म्हणजे नवे वायरिंग, नवी अर्थिंग, नवे व्होल्टेज. भूमिगत रेडिओच्या कथेत आवाजाची आठवण निघते. त्या आवाजामागे उभा असलेला पॉवर सप्लायही आठवावा, असे मला नेहमी वाटते.

आता मूळ विषयाकडे. आमच्या संचाचा पुरवठा जुन्या रीतीचा: २२००-०-२२०० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, पाऱ्याच्या वाफेचे दोन ८६६ रेक्टिफायर, मग चोक, मग तेलातला कागदी कंडेन्सर, आणि कंडेन्सरच्या अंगाला लावलेला, त्याला रिकामा करणारा रेझिस्टन्स, म्हणजे ब्लीडर. लाइन १७० वर आली की सगळे एकाच प्रमाणात उतरते. २००० चे १४८० होतात. ८१३ च्या फिलामेंटला दहाऐवजी ७.४ व्होल्ट मिळतात, त्याचे उत्सर्जन कोसळते. समोरचा ऑपरेटर म्हणतो, आवाज चिरतोय. म्हणून लोक व्हॉल्व्हला ‘गेला’ ठरवून मोकळे होत. पण खरा मार बसतो तो ८६६ ला. त्याच्या फिलामेंटवर ऑक्साइडचा थर असतो आणि त्याला २.५ व्होल्ट नेमके लागतात. ते घटले की नळीतला व्होल्टचा उतार वाढतो, पाऱ्याचे आयन जोराने त्या थरावर आदळतात आणि थर झडत जातो. ८१३ पुन्हा पूर्ण व्होल्टेज मिळाले की सावरतो. ८६६ चे झालेले नुकसान भरून येत नाही.

याच्यावर गावोगावी उपाय एकच, बूस्टर. १७० चे २३० करून देणारा, हाताने फिरवायचा. दिवसा ठीक. पण रात्री शेतीची पाळी संपते, मोटारी थांबतात, लाइन २४५ वर उडी घेते आणि बूस्टरचा खटका तिथेच राहिलेला असतो. मग संचाला मिळतात ३३० व्होल्ट, फिलामेंटला १४ च्या वर. जाणत्या माणसांनी म्हणून फिलामेंटचा ट्रान्सफॉर्मर वेगळा ठेवला, त्याला व्होल्टेज कमी-जास्त करणारा स्वतःचा छोटा डिमरस्टॅट दिला आणि त्याच्यावर कायमचा व्होल्टमीटर लावला. माझ्या मते जुन्या संचात करण्याजोगी ही सर्वांत शहाणपणाची सुधारणा.

आमच्या हवेचाही यात वाटा आहे. ८६६ मधला पारा साधारण २५ ते ६० अंशांच्या दरम्यान असावा लागतो. मे महिन्यात या पट्ट्यात तापमान ४५ च्या पुढे जाते, कॅबिनेटच्या आत त्याहून कितीतरी जास्त होते आणि मग उलट्या दिशेने ठिणगी पडून फ्यूज जातो. डिसेंबरच्या पहाटे नेमके उलटे. एरवी फिलामेंट अर्धे मिनिट तापवून एचटी, म्हणजे प्लेटचे उच्च व्होल्टेज, देतात. गारठ्यात तेवढे पुरत नाही. आणि नळी हलवली असेल, प्रवास झाला असेल, तर काचेवर उडालेला पारा खाली बसेपर्यंत बराच वेळ नुसते फिलामेंट चालू ठेवावे लागते. घाई करणाऱ्यांनी चांगल्या नळ्या अशाच घालवल्या.

सगळ्यात शिकवणारा बिघाड मात्र ब्लीडरचा. लक्षण असे: संच महिनोन्‌महिने नीट चालतो आणि एक दिवस, बोलणे चालू नसताना, नुसता तयार स्थितीत असताना, कंडेन्सर फुटतो. नवा कंडेन्सर टाकला की काही दिवसांनी तोही जातो. दोष कंडेन्सरच्या माथी येतो, बाजारातला माल खोटा ठरतो. कारण वेगळेच असते. चोक आधी आणि कंडेन्सर नंतर असलेल्या पुरवठ्यात व्होल्टेज २००० वर राहते ते चोकमधून थोडा तरी करंट अखंड वाहत असतो म्हणून. तो करंट ब्लीडर खेचतो: २५ किलोओहम, ८० मिलिअँपियर, १६० वॅट नुसती उष्णता. हा ब्लीडर तुटला की चोकचा धाक संपतो, कंडेन्सर ट्रान्सफॉर्मरच्या शिखरापर्यंत भरतो आणि २००० चे ३१०० होतात. २५०० व्होल्टचा कंडेन्सर ते सोसणार कसा? बोलणे सुरू असताना व्हॉल्व्हच करंट खेचतो, त्यामुळे सगळे ठीक दिसते. विश्रांतीत घात होतो.

ब्लीडर वरून शाबूत दिसतो, हीच मेख. चिनी मातीच्या नळीवर गुंडाळलेली तार टोकाच्या पट्टीशी तुटते. रोज तापणे, रोज निवणे, वर पावसाळ्यातला गंज. वरचा लेप तडकतसुद्धा नाही. म्हणून नियम असा की संच बंद करून, कंडेन्सर जमिनीला टेकवून पूर्ण रिकामा केल्यावर, पहिला ओहम ब्लीडरचा मोजायचा. साधा मल्टिमीटर हजार व्होल्टच्या पुढे वापरायचा नसतो, तेव्हा चालू संचावर तपास करू नये. दुरुस्तीही एका मोठ्या ब्लीडरऐवजी दोन माळांनी करावी: ५ किलोओहम, २० वॅटचे दहा रेझिस्टन्स एका माळेत, अशा दोन माळा शेजारी. प्रत्येकावर २०० व्होल्ट, ८ वॅट, आरामात चालतात. एक माळ तुटली तरी दुसरी कंडेन्सर रिकामा करत राहते.

एक गोष्ट ओघात सांगतो. जुनी बांधणी बहुतेक अमेरिकी हँडबुकांवरून होत असे आणि तिथली वीज ६० सायकलची. आपली ५०. त्यांच्या हिशेबाने काढलेला चोक आपल्याकडे सहाव्या हिश्श्याने कमी पडतो, आणि ६० साठी गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर इथे विनाकारण गरम होतो, गुरगुरतो. पुष्कळ संचांचे आयुष्य या एका आकड्यामुळे घटले.

पुढे ८६६ मिळेनासे झाले आणि त्यांच्या जागी डायोडच्या माळा आल्या. १एन४००७, हजार व्होल्टचा, चार आण्यांच्या मोलाचा वाटावा असा डायोड. आमच्या ट्रान्सफॉर्मरवर प्रत्येक माळेला उलटा ताण ६२०० व्होल्टचा पडतो. म्हणजे सात पुरतील, पण शहाणा माणूस प्रत्येक बाजूला दहा टाकतो. तापवायची वाट नाही, पाऱ्याची भीती नाही. पण नवा स्वभाव आला. पूर्वी ८६६ साठी थांबावेच लागे, तेवढ्यात ८१३ ही तापत असे. आता बटण दाबताच एचटी हजर, व्हॉल्व्ह थंड. म्हणून एचटीचा खटका वेगळा ठेवणे आणि सुरुवातीचा झटका रेझिस्टन्समधून देणे आवश्यक झाले. डायोड शॉर्ट झाला तर लगेच कळते: ट्रान्सफॉर्मर हुंकार देतो, फ्यूज जातो. एका बाजूची माळ तुटली तर फ्यूज जात नाही, व्होल्टेज खाली येते आणि वाहक लहरीवर ५० सायकलची घरघर ऐकू येते. दोन्ही बाजू चालू असताना ती १०० ची असते. कान तयार असला तर खोके न उघडता निदान होते.

२००५ मध्ये वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण आले. ती वर्षे भारनियमनाची. त्या काळात वीज जाण्यापेक्षा येण्याने जास्त नुकसान केले. लाइट आली, की अख्ख्या गावाच्या मोटारी, फ्रिज, पंखे एकदम ओढतात, क्षणात व्होल्टेज खाली-वर होते, आणि चालू राहिलेल्या संचाचा ट्रान्सफॉर्मर तो झटका पूर्ण सोसतो. एक साधा रिले, जो वीज गेली की सुटतो आणि माणसाने दाबल्याशिवाय परत लागत नाही, एवढ्याने संच वाचतात. पुढे गावठाण आणि शेतीचे फीडर वेगळे करण्याचे काम निघाले, तसा १७० चा त्रास कमी होत गेला.

डीपीवरची न्यूट्रल तुटणे हा मात्र आजही सर्वांत घातक प्रकार. तीन फेजचा समतोल जातो, हलका भार असलेल्या घरात ३५० ते ४०० व्होल्ट शिरू शकतात. शेजारचा बल्ब एकाएकी लख्ख झाला आणि पलीकडचा मिणमिणला, तर संचाकडे धाव घेऊ नका; आधी मेन स्विच पाडा, मग लाइनमनला निरोप द्या.

आणि वीज मुळीच नसेल तर? किल्लारीचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३. तिथे हौशी रेडिओवाले निरोप पोचवायला गेले. अशा ठिकाणी वीज नसते, तेव्हा १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा ट्रान्झिस्टरचा संचच कामाचा, ८१३ तिथे नेण्यात अर्थ नाही. व्हॉल्व्हवर माझे प्रेम आहे, तरी संकटात पहिला हात बॅटरीच्या संचालाच घालावा असे माझे मत आहे. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर शिकवतो मात्र खूप. पुरवठा म्हणजे काय, हे दोन हजार व्होल्टसारखे कुणी शिकवत नाही.

मीटरविषयी थोडे. जुन्या कार्बन रेझिस्टन्सचे ओहम वयाबरोबर वाढतात. एचटीच्या मीटरला लावलेले मोठे रेझिस्टन्स असे वाढले की मीटर कमी दाखवतो, आणि लोक धडधाकट ट्रान्सफॉर्मर उतरवून बसतात. पुरवठा अशक्त वाटला तर आधी मीटरमागचे रेझिस्टन्स मोजावेत.

भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडच्या घरांत अजूनही माळ्यावर एखादा जुना ट्रान्समीटर, लाउडस्पीकरचा व्हॉल्व्हवाला अ‍ॅम्प्लिफायर, नाहीतर रेडिओ सापडतो. तो खाली काढलात तर थेट प्लगमध्ये लावू नका. पावसाळा सोसलेल्या संचात आधी काही दिवस कमी वॅटचा बल्ब पेटता ठेवून ओल काढा. मग १०० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये घालून लावा. बल्ब क्षणभर चमकून मंद झाला तर पुढे जा, लख्ख पेटत राहिला तर आत शॉर्ट आहे, तिथेच थांबा. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर असतील तर डिमरस्टॅटने काही तासांत हळूहळू चढवा. आत हात घालण्यापूर्वी प्लग काढा, लाकडाच्या कोरड्या दांड्याला बांधलेल्या, अर्थिंगला जोडलेल्या तारेने कंडेन्सर रिकामा करा, आणि एक हात खिशात ठेवा. एकट्याने हे काम करू नका. ८ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर २००० व्होल्टला १६ ज्यूल धरून ठेवतो, आणि ब्लीडर तुटला असेल तर तासन्‌तास. जे मोजाल ते तारखेसह कागदावर लिहा: लाइनचे व्होल्टेज, फिलामेंटचे, ब्लीडरचे ओहम. तो कागद कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा, म्हणजे संच ज्याच्या हाती जाईल त्याला सुरुवात कुठून करायची ते कळेल.