शब्द मिळाला, पण कागद कुठे आहे?



मागच्या महिन्यात काटोल तालुक्यातल्या एका ग्रामसंघाच्या बैठकीत मी कामगारांच्या नव्या कायद्यांबद्दल बोलायला सुरुवात केली. तेवढ्यात मागून एक ताई म्हणाल्या, "मॅडम, युनियन-फिनियन हे कारखान्यातल्या माणसाइचं काम. आमाले कायले सांगता?" सगळ्या हसल्या, मीही हसले. मग विचारलं, इथे अंगणवाडीत कोण काम करतं? दोन हात वर आले. आशाताई? एक. बुटीबोरीला ठेकेदाराच्या गाडीने जाणाऱ्या? चार. बांधकामावर जाणाऱ्या? तीन. कापूस वेचायला? जवळजवळ सगळेच हात वर.

म्हणजे त्या खोलीत कामगार नाही अशी बाईच नव्हती. फक्त स्वतःला कामगार म्हणायची आपल्याला सवय नाही. म्हणून या अंकात संघटना म्हणजे काय, तिने आपल्यासारख्या बायकांना काय मिळालं, काय नाही मिळालं आणि आता कायद्यात काय बदललं, हे सांगते.

गट आणि संघटना

बचत गट आपण का काढला? एकटीला बँक दारात उभी करत नव्हती. दहा जणी एकत्र आल्या, दर आठवड्याला बचत केली, हिशेब ठेवला, तेव्हा बँकेने कर्ज दिलं. संघटनेचं तत्त्व तेच आहे. फरक एवढाच की गट पैशासाठी बँकेशी बोलतो आणि संघटना मजुरी, सुट्टी, सुरक्षितता यांसाठी मालकाशी किंवा सरकारशी बोलते.

एकटी बाई मजुरी वाढवून मागते, तेव्हा मालक म्हणतो, परवडत नसेल तर येऊ नको. पन्नास जणी मागतात तेव्हा त्याला हे म्हणता येत नाही, कारण पन्नास जणी आल्या नाहीत तर काम थांबतं. संघटनेची सगळी ताकद या एका गोष्टीत आहे.

आपल्याकडे हे नवीन नाही. १८७७ साली जमशेदजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली आणि पुढे इथल्या गिरणी कामगारांची मजबूत संघटना झाली. रामभाऊ रुईकर हे त्यांचे पुढारी. कामठीचे बाबू हरदास एल. एन. यांनी १९३० च्या दशकात बिडी कामगारांना एकत्र केलं. बिडी वळणाऱ्यांत बायका किती असतात हे तुम्हाला सांगायला नको. आणि नागपूर शहरात धुणी-भांडी करणाऱ्या बायकांची विदर्भ मोलकरीण संघटना डॉ. रूपा कुलकर्णी-बोधी यांनी उभी केली. या बायकांना कारखाना नाही, हजेरीपट नाही, प्रत्येकीचं घर वेगळं, मालकीण वेगळी. तरी त्या एकत्र आल्या. राज्यभरातल्या अशा संघटनांनी मागणी लावून धरली, तेव्हा २००८ साली महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला.

आशाताईंचे दोन संप

आता अलीकडची गोष्ट. राज्यातल्या आशाताई ऑक्टोबर २०२३ मध्ये संपावर गेल्या. नोव्हेंबरात सरकारने शब्द दिला की आशांचं मानधन सात हजारांनी वाढवू. संप मागे घेतला, सगळ्या कामाला लागल्या. पण शासन निर्णय, म्हणजे जीआर, काही निघाला नाही. डिसेंबर गेला तरी कागद नाही. मग जानेवारी २०२४ मध्ये त्याच बायका पुन्हा संपावर गेल्या. मुंबईत आझाद मैदानावर बसल्या. घरदार सोडून, काही जणी लेकरं घेऊन. अखेर मार्च २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने निर्णय घेतला. वाढ मिळाली पाच हजारांची, नोव्हेंबर २०२३ पासून लागू.

यात दोन गोष्टी पाहा. पहिली, शब्द सात हजारांचा होता, कागदावर पाच हजार आले. दुसरी, पहिला संप मागणीसाठी होता, पण दुसरा संप फक्त कागदासाठी करावा लागला. आपल्या गटात आपण काय म्हणतो? ठराव वहीत लिहिला नाही तर तो ठराव झालाच नाही. मंत्रालयालाही तोच नियम लागू आहे. कोणी वाढ जाहीर केली, पेपरात फोटो आला, तर आनंद माना, पण विचारा, जीआरची तारीख काय? कोणत्या महिन्यापासून लागू? पैसे कोणत्या खात्यातून येणार?

हप्ता माफ करायचा का?

अंगणवाडीचा संप ४ डिसेंबर २०२३ ला सुरू झाला आणि जानेवारीच्या शेवटापर्यंत चालला. त्याच डिसेंबरात नागपूरला विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन होतं. १९५३ च्या नागपूर करारात ठरलं की दरवर्षी एक अधिवेशन नागपूरला होईल, म्हणून डिसेंबरात राज्यभरातले मोर्चे आपल्या शहरात येतात. आपल्यातल्याही काही जणी तिथे होत्या.

संपाची दुसरी बाजूही सांगायला हवी. एका गावातल्या आपल्या गटात अंगणवाडी सेविका सदस्य होत्या. संपाच्या काळात मानधन बंद, कामावर हजर व्हा म्हणून नोटीस आलेली, त्यामुळे त्यांचे अंतर्गत कर्जाचे दोन हप्ते थकले. बैठकीत विषय निघाला की दंड घ्यायचा की नाही. एक तरुण आई चिडून म्हणाली, "माह्या पोराची खिचडी महिनाभर बंद आहे, अन् मी इचा दंड माफ करू?"

मला तेव्हा काय बोलावं ते सुचलं नाही. कारण ती खोटं बोलत नव्हती. संपाची झळ मंत्र्याच्या आधी गावातल्या लेकराला लागते, हे खरंच आहे. सेविका ताई शांतपणे म्हणाल्या, "तुह्या पोराले मीच दोन वर्षं खाऊ घातलं. पण म्हातारपणी माह्या हाती काय येईन, हे बी पाह्य." मग बराच वेळ कोणी बोललं नाही. शेवटी गटाने ठराव केला: हप्ते तीन महिने पुढे ढकलायचे, दंड नाही, व्याज नेहमीप्रमाणे. वहीत लिहिलं, सगळ्यांच्या सह्या झाल्या. त्या तरुण आईचीही.

संपातून लगेच मिळाली ती आश्वासनं. मानधनवाढीचा निर्णय त्याच वर्षी विधानसभा निवडणुकीच्या आधी झाला. सेविका ताईंनी सगळे हप्ते फेडले. संप चालतो तो मैदानावर, पण टिकतो तो गावात, हे मी त्या बैठकीत शिकले. मागे घरात पीठ नसेल तर कोणतीही बाई पन्नास दिवस लढू शकत नाही.

मानधन आणि वेतन यात फरक काय?

बऱ्याच ताई विचारतात की पगार म्हणा की मानधन, पैसे तर येतात ना! फरक मोठा आहे. वेतन कामगाराला मिळतं आणि त्याला किमान वेतनाचा कायदा, भविष्य निर्वाह निधी (पीएफ), कामगार विमा लागू होतात. मानधन स्वयंसेविकेला देतात. सरकार आशा आणि अंगणवाडी सेविकांना मानसेवी म्हणतं, म्हणून काम दिवसभराचं असूनही कामगाराचे हक्क आपोआप मिळत नाहीत. २०१३ सालच्या भारतीय श्रम परिषदेने शिफारस केली होती की अशा योजनांमध्ये काम करणाऱ्यांना कामगार मानावं. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत असा निकाल दिला. ग्रॅच्युइटी म्हणजे नोकरी संपताना सेवेच्या वर्षांप्रमाणे मिळणारी रक्कम. "म्हातारपणी हाती काय येईन" या प्रश्नाचं हे एक उत्तर आहे, पण तो निकाल खात्यात उतरवण्यासाठीही संघटनेलाच मागे लागावं लागतं.

नवे कायदे

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्र सरकारने चार श्रम संहिता लागू केल्या. आधीचे २९ कायदे एकत्र करून हे चार केले आहेत: वेतन, औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि कामाच्या ठिकाणची सुरक्षितता. आपल्या कामाचं तेवढं सांगते.

बाजूचं काय: किमान वेतन आता ठरावीक यादीतल्या कामांपुरतं राहत नाही, ते सगळ्या क्षेत्रांतल्या कामगारांसाठी आहे. एकाच कामाला पुरुषाला जास्त आणि बाईला कमी मजुरी देता येत नाही. हे १९७६ च्या कायद्यातही होतं. कामावर ठेवताना नेमणूक पत्र द्यावं लागतं. ठरावीक मुदतीसाठी नेमलेल्या कामगाराला एक वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. रात्रपाळी बाईच्या संमतीनेच, आणि सुरक्षिततेची सोय करून. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर मूळ कंपनीची जबाबदारी आहे. बुटीबोरी आणि हिंगण्याला जाणाऱ्यांनी हे शेवटचं वाक्य पाठ करून ठेवा.

विरोध कशाला: आता कोणत्याही कारखान्यात संपाआधी नोटीस द्यावी लागते आणि नोटीस दिल्यावर १४ दिवस संप करता येत नाही. आधी ही अट फक्त पाणी-वीज अशा लोकोपयोगी सेवांना होती. निम्म्या कामगारांनी एकाच दिवशी ठरवून रजा टाकली तर तीही संप धरली जाते. पूर्वी १०० कामगारांचा कारखाना बंद करायला सरकारची परवानगी लागायची, ती मर्यादा आता ३०० झाली. म्हणून दहा केंद्रीय कामगार संघटनांनी विरोध केला, ९ जुलै २०२५ ला देशभर संपही केला. भारतीय मजदूर संघाने मात्र वेतन आणि सामाजिक सुरक्षा या दोन संहितांचं स्वागत केलं. सरकार म्हणतं जास्त लोकांना संरक्षण मिळेल, संघटना म्हणतात लढायचं हत्यार बोथट केलं. माझं म्हणणं एवढंच की हक्क कागदावर वाढला आणि तो मागायची ताकद कमी झाली, तर तो हक्क कागदावरच राहू शकतो.

शेतातल्या मजुरीचं काय?

तिथे ना कंपनी, ना नोटीस. तरीही बोलता येतं. नरखेड भागातल्या एका गावात गटाच्या बायकांनी वेचणीच्या आधी ठरवलं की किलोमागे आठ नाही, दहा रुपये घ्यायचे आणि शेवटच्या वेच्याला बारा, कारण तेव्हा झाडाला बोंडं कमी आणि हिंडणं जास्त. एका शेतकऱ्याने शेजारच्या गावातून ऑटोने बायका आणल्या, आठ रुपयांवर. आपल्या ताईंनी त्या बायकांशी भांडण केलं नाही. त्या गावच्या गटाची अध्यक्ष कोण, ते शोधलं आणि प्रभागसंघाच्या बैठकीत तिच्याशी बोलल्या. पुढच्या आठवड्यात दोन्ही गावांचा भाव एक झाला.

त्या बैठकीत ज्यांच्या स्वतःच्या शेतात मजूर लागतात अशाही ताई होत्या. त्या म्हणाल्या, कापसाला भाव नाही, आम्ही कुठून द्यावं? तेही खरं. म्हणून हंगामाच्या आधी, दोघींना समोरासमोर बसवून भाव ठरवणं बरं. हंगाम सुरू झाल्यावर रागात ठरलेला भाव टिकत नाही.

पुढच्या बैठकीत एवढं करा

१. कोण काय काम करतं त्याची यादी वहीत लिहा. कामाचा दिवस, मजुरी, ठेकेदाराचं नाव.

२. कंपनीत जाणाऱ्यांनी नेमणूक पत्र, पगाराची पावती आणि पीएफचा यूएएन क्रमांक मागा. पगार बँकेत येत असेल तर पासबुक भरून घ्या. बांधकामावर वर्षात ९० दिवस काम केलं असेल तर प्रमाणपत्र घेऊन बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करा. ई-श्रम कार्ड मोफत आहे, दलालाला पैसे देऊ नका.

३. संघटनेत जायचं असेल तर आधी विचारा: नोंदणी क्रमांक काय? वर्गणीची पावती देता का? वर्षाचा हिशेब सभेत वाचता का? कार्यकारिणीत बायका किती? नवीन संघटना काढायची तर नोंदणीच्या अर्जाला किमान सात सदस्य लागतात, आणि तिथे किती कामगार आहेत त्याप्रमाणे सदस्यसंख्येची अट असते. नियमित बैठक, नियमित हिशेब हे तुम्हाला येतंच. पंचसूत्री पाळणाऱ्या बाईला संघटना चालवणं अवघड नाही.

४. तक्रार तोंडी करू नका. अर्ज दोन प्रतींत लिहा आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या, मग ते ठेकेदाराचं ऑफिस असो की नागपूरचं कामगार आयुक्त कार्यालय.

काटोलच्या त्या बैठकीतून निघताना मघाच्याच ताई मला फाटकापर्यंत सोडायला आल्या. म्हणाल्या, ठेकेदाराने त्यांच्या सुनेला दिवाळीपासून सांगितलंय, पीएफ कापतो म्हणून. मी विचारलं, पावती आहे का? त्या थांबल्या. "नाही ना बाई. नुसतं सांगतच हाय." मग म्हणाल्या, "उद्या मागाले लावतो तिले."

पुढच्या महिन्यात मी जाईन, तेव्हा आधी ती पावतीच पाहीन.