कमला नेहरू पार्कातलं मरुत

सांगोल्याहून आम्ही सहकुटुंब पुण्याला गेलो की घरची मंडळी तुळशीबागेत शिरतात आणि मी एरंडवण्याच्या कमला नेहरू पार्कात. तिथं एचएफ-24 मरुत हे लढाऊ विमान ठेवलंय. बागेतली पोरं त्याच्या सावलीत पकडापकडी खेळतात. हिटलरच्या हवाई दलाशी त्याचं नातं आहे, हे सांगितलं तर आईबाप माझ्याकडेच संशयानं बघतात.

मे 1945 मध्ये जर्मनी शरण आला तेव्हा हजारो विमानं धावपट्ट्यांवर पडून होती. बहुतेक भंगारात गेली, ॲल्युमिनियम वितळवलं गेलं. निवडक चाळीसेक विमानं अमेरिकेच्या कर्नल वॉटसन यांच्या तुकडीनं शेरबूर बंदरात जमवली आणि ‘रीपर’ या जहाजानं नेली. इंग्रजांनी फार्नबरोला प्रदर्शन मांडलं. आपल्या रविवारच्या बाजारात खिलार खोंडाचे दात बघतात तशी तज्ज्ञांनी एकेक विमानाची पारख केली. चेक लोकांनी उरल्यासुरल्या भागांतून मेसरश्मिट 262 जेट जोडली, फ्रेंचांनी फॉके-वुल्फ 190 बांधली. एवढी पार्श्वभूमी पुरे.

माझा जीव अडकलाय तो या फॉके-वुल्फमध्ये. ते घडवणारे कुर्ट टांक पहिल्या महायुद्धात घोडदळात होते. विमानही घोड्यासारखं काटक, खडबडीत मैदानावर टिकणारं हवं, असं त्यांचं मत. म्हणून चाकं रुंद टाकलेली. 1941 मध्ये हे विमान उतरलं आणि इंग्रजांची स्पिटफायर विमानं मागं पडू लागली. एखादं पळवून आणायला इंग्रजांनी कमांडो पाठवायचा बेत आखला होता. त्याची गरजच पडली नाही. 23 जून 1942 ला आर्मिन फाबर हा जर्मन वैमानिक झुंजीनंतर दिशा चुकला, ब्रिस्टलच्या खाडीला इंग्लिश खाडी समजला आणि वेल्समधल्या पेम्ब्रीच्या तळावर ऐटीत उतरला. ड्यूटीवरच्या सार्जंटानं इशाऱ्याचे बार उडवायचं पिस्तूल त्याच्यावर रोखलं. जगात इतकं फुकटात घबाड क्वचितच कुणाला मिळालं असेल!

युद्ध संपलं तशी विमानांबरोबर माणसांचीही ओढाताण झाली. टांक 1947 मध्ये अर्जेंटिनाला गेले, तिथं ‘पुल्की 2’ हे जेट बनवलं आणि स्वतः उडवलंही. 1955 मध्ये तिथले राष्ट्राध्यक्ष पेरॉन यांची सत्ता गेली, काम थंडावलं. पुढच्याच वर्षी टांक सहकाऱ्यांसह बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये दाखल. तिथं त्यांनी मरुतची रचना केली. आधी त्याचं पूर्ण आकाराचं लाकडी ग्लायडर करून ते 1959 मध्ये हवेत नेलं. 17 जून 1961 ला वैमानिक सुरंजन दास यांनी मरुत पहिल्यांदा उडवलं.

पार्कात गेलात तर बाजूनं न्याहाळा. पंखांजवळ धड कमरेत आवळलेलं दिसेल. ध्वनीच्या वेगाजवळ हवेचा अडथळा कमी व्हावा म्हणून ही युक्ती. मग मागं जा, इंजिनांची दोन तोंडं शेजारी शेजारी आहेत. घोडं अडलं ते इथंच. हवं होतं ऑर्फियस या इंजिनाचं जास्त ताकदीचं रूप. त्याच्या विकासाला ब्रिटिश कंपनीनं पैसे मागितले, ते आपण दिले नाहीत. माझ्या मते ही काटकसर नव्हे, कद्रूपणा. ध्वनीच्या दुप्पट वेगाचं स्वप्न बघणारं विमान आडव्या उड्डाणात ध्वनीच्या वेगाच्या अलीकडेच राहिलं. जास्त जोराचं इंजिन बसवायचे प्रयत्न पुढंही चालू राहिले. अशाच एका सुधारित मरुतला 10 जानेवारी 1970 ला अपघात झाला आणि त्यात सुरंजन दास गेले.

तरी 147 मरुत बनली. 1971 च्या युद्धात राजस्थान आघाडीवर 10 आणि 220 क्रमांकाच्या स्क्वाड्रन ती घेऊन लढल्या. जमिनीवरच्या तोफांनी काही पाडली, हवाई झुंजीत मात्र एकही पडलं नाही.

मुंबईकरांना वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात मरुत बघता येतं. आणखी एक म्यूनिकजवळ श्लाइसहाइमच्या संग्रहालयात आहे, बंगळूरला बनलेलं. टांक भारतातून जर्मनीला परतले आणि 1983 मध्ये म्यूनिकलाच वारले.