तोल टोकाचा आणि वजन हाताचे



कुऱ्हाडीला नवा दांडा बसवला की आपण लगेच घाव घालीत नाही. आधी ती हातात घेऊन एकदोनदा हलकेच झोकून पाहतो. मग म्हणतो, “बरी बसली,” नाहीतर म्हणतो, “पुढं जड जातेय.” हाताला जे कळतं ते आकड्यात कसं मांडायचं? गोल्फच्या काठ्या जुळवणाऱ्या कारागिरांनी याचं उत्तर शोधलं आहे. ते ऐकण्यासारखं आहे.

या काठीचे भाग तीन. खाली चेंडूवर बसणारं डोकं, मध्ये पोलादाची किंवा कार्बनच्या तंतूंची दांडी, आणि वर रबरी मूठ. नियमाप्रमाणे खेळाडूला जास्तीत जास्त 14 काठ्या बरोबर ठेवता येतात. त्यांची लांबी निरनिराळी. पण झोक घेताना त्या हाताला सारख्याच लागाव्या लागतात. नाहीतर दर फटक्याला हाताची लय बिघडते.

1920 नंतरच्या दशकात अमेरिकेत रॉबर्ट अ‍ॅडम्स यांनी यासाठी एक तराजू केला. त्यात टेकू असतो मुठीच्या टोकापासून 14 इंचांवर. डोक्याची बाजू किती ओढ घेते, ते त्यावर अक्षर आणि आकडा मिळून वाचतात. उदाहरणार्थ, डी 2.

आता हिशेब पाहू. काठी 38 इंच लांब आहे असं धरा. डोकं टेकूपासून 24 इंच दूर पडलं. तिथं 2 ग्रॅम वाढवले, तर 24 गुणिले 2, म्हणजे 48. तराजूवर साधारण एक घर वाढलं. मुठीचा मध्य टेकूपासून सुमारे 10 इंचांवर. तिथं 5 ग्रॅम वाढवले, तर 10 गुणिले 5, म्हणजे 50. वाढलेलं घर पुन्हा उतरलं!

इथंच खरी मेख आहे. तराजू म्हणतो, काठी पूर्वीसारखीच. पण हातात मात्र 7 ग्रॅम जास्त आले. म्हणजे तोल साधला म्हणून काठी हलकी झाली असं नव्हे. पुढचा जडपणा मुठीकडे वजन घालून झाकता येतो. ते ओझं मात्र खांद्याला आणि मनगटाला दर झोकाला वाहावंच लागतं.

म्हणून जाणता कारागीर सुटे भाग आधी वेगवेगळे तोलतो, लांबी ठरवतो, काठी न चिकटवता जुळवून पाहतो. दांडी अर्धा इंच कापली तर सुमारे तीन घरं उतरतात, हे तो विसरत नाही. सरस वाळल्यावर चूक सुधारणं महागात पडतं.

गुरुजी, वर्गात हे सहज दाखवता येईल. मीटरपट्टी बरोबर मध्यावर टेकवा. एका बाजूला 10 सेंटिमीटरवर पाच नाणी ठेवा, दुसऱ्या बाजूला 25 सेंटिमीटरवर तशीच दोन. पट्टी सपाट राहील. मग मुलांना विचारा, “टेकूवर किती नाण्यांचा भार आहे?” मुलं सात म्हणाली, की धडा समजला.

आणि शेतकरी दादा, पुढच्या वेळी कुऱ्हाड किंवा टिकाव पुढं जड वाटला, तर मुठीकडे लोखंडी कडं ठोकण्याआधी थोडं थांबा. दांड्याची लांबी आपल्या हाताला बेताची आहे का, पातं कामाच्या मानानं जड तर नाही ना, हे आधी पाहा. दिवसभर राबायचं आहे ते आपल्याच खांद्याला.