इनहेलरमध्ये स्टिरॉइड हवं का? रक्ताचा रिपोर्ट सांगतो

वर्षानुवर्षं बिडी ओढलेल्या किंवा चुलीच्या धुरात स्वयंपाक केलेल्या माणसाला उतारवयात खोकला, कफ, धाप सुरू होते. मोहल्ल्यात याला सरसकट दमा म्हणतात, पण अनेकदा तो सीओपीडी असतो. यात श्वासनलिका सुजून अरुंद होतात.

ही सूज सगळ्यांची सारखी नसते. काहींच्या सुजेत इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी जास्त असतात. अशांना इनहेलरमधलं स्टिरॉइड चांगलं लागू पडतं. बाकीच्यांना फायदा कमी होतो आणि न्यूमोनियाचा धोका मात्र वाढतो.

मग ओळखायचं कसं? साध्या सीबीसी तपासणीतून. समजा, एकूण पांढऱ्या पेशी ८००० आणि इओसिनोफिल ५ टक्के, तर आकडा झाला ४००. 'गोल्ड' या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार सीओपीडीचा त्रास वारंवार उफाळत असेल आणि आकडा ३०० किंवा जास्त असेल, तर स्टिरॉइडच्या बाजूनं कौल जातो. १०० पेक्षा कमी असेल तर विरोधात. मधल्या आकड्यांत डॉक्टर बाकीची तब्येत पाहून ठरवतात.

पण एकाच रिपोर्टवर भरवसा नको. पोटातले जंत किंवा ॲलर्जी हा आकडा वाढवतात, स्टिरॉइडच्या गोळ्या तो उतरवतात. शिवाय खऱ्या दम्याचं गणितच वेगळं आहे. तिथे स्टिरॉइडचा इनहेलर हाच उपचाराचा पाया आहे.

म्हणून आकडा बघून इनहेलर आपल्या मनानं बंद करू नका. जुने रिपोर्ट सांभाळून ठेवा आणि पुढच्या वेळी डॉक्टरांना जरूर विचारा, "माझे इओसिनोफिल किती आहेत?"