गर्भाशयमुखाचा आजार आणि खालावलेली प्रतिकारशक्ती

स्मरणिकेत बहुधा अहवाल व देणगीदारांच्या याद्या असतात. मजकडे हा अवघड विषय आला तेव्हा शाळामास्तराने तो का लिहावा, असे मलाही वाटले. परंतु ज्या दुखण्याचा घरात उच्चार होत नाही, त्यानेच घरची बाई जाते, म्हणून लेखणी घेतली.

गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग बहुतेक वेळा एचपीव्ही नामक विषाणूमुळे होतो. हे दाखविणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सूर हाउझेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हा विषाणू इतका सर्रास आढळतो की संसारी स्त्रीला तो पतीकडूनही येतो. त्यात चारित्र्याचा प्रश्न आणू नये. बहुतेकींचे शरीर एकदोन वर्षांत त्याला परतवून लावते. एचआयव्हीची बाधा झालेली, मूत्रपिंड बदललेली, किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे दीर्घकाळ घेणारी स्त्री मात्र त्याला सहज हुसकू शकत नाही. एरव्ही कर्करोग व्हावयास पंधरा-वीस वर्षे लागतात. एचआयव्हीवर उपचार नसतील तर पाच ते दहाही पुरतात. एचआयव्हीबाधितेला हा धोका सुमारे सहापट असतो.

मधल्या काळात पेशी बिघडलेल्या असतात, पण दुखत काहीच नाही. म्हणून ‘मला काही होत नाही, तपासणी कशाला?’ हे म्हणणे फसवे. तो बिघडलेला भाग त्याच वेळी जाळून वा गोठवून काढता येतो. तपासणीच्या एका पद्धतीत डॉक्टर मुखावर सौम्य ॲसेटिक आम्ल लावतात, म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातल्या विनागराचेच मूळ द्रव्य; बिघडलेला भाग मिनिटभरात पांढुरका दिसतो. (घरी मात्र कोणी प्रयोग करू नये.)

उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाच्या साहाय्याने खेड्यांतील ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला व २००९ साली प्रसिद्ध झाला. ज्या गटाची एचपीव्ही चाचणी एकदाच झाली, त्यातील या रोगाचे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या जवळपास निम्मे भरले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ही चाचणी तिशीपासून दर पाच ते दहा वर्षांनी करावी. एचआयव्हीबाधितेने पंचविशीपासून, दर तीन ते पाच वर्षांनी. नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींसाठी लस आहे; पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लस २०२३ साली बाजारात आली. लस घेतली तरी पुढे तपासणी चुकवू नये. पाळीखेरीज वा संबंधानंतर रक्त गेल्यास लागलीच डॉक्टरांना दाखवावे. पेडण्याहून बांबोळीपर्यंत जाणे झाले तर नवऱ्याने सोबत जावे. दाराबाहेर बसला तरी चालेल.