तारा फुटला, पण कुठे?

ताऱ्यांचा धडा शिकवताना एक प्रश्न वर्गातून हमखास येतो : ‘आपला सूर्य कधी फुटणार?’ याचे उत्तर सोपे आहे. सूर्य फुटणार नाही, कारण त्याचे वस्तुमान तेवढे नाही. पण मुले एवढ्यावर थांबत नाहीत. मग कोणते तारे फुटतात? आणि ते आपल्याला कळते कसे? तारा तर फुटून गेलेला असतो. तो काय होता हे आता विचारायचे कुणाला?

विचारायचे शेजाऱ्यांना! तारा ज्या दीर्घिकेत फुटला, त्या दीर्घिकेला. या लेखात आपण तिचीच साक्ष काढू.

एक जुनी चूक

ऑगस्ट १८८५ मध्ये देवयानी तारकासमूहातल्या एका धूसर ढगाच्या मध्याजवळ नवा तारा दिसू लागला. तो ढग म्हणजे नेमके काय, यावर तेव्हा एकमत नव्हते. काहींच्या मते तो आपल्याच आकाशगंगेतला एक ढग होता, तर काहींच्या मते ती आपल्या आकाशगंगेसारखी दुसरी, खूप दूरची दीर्घिका होती. १९२० मध्ये अमेरिकेत हार्लो शॅप्ली आणि हेबर कर्टिस या खगोलशास्त्रज्ञांची याच विषयावर चर्चा झाली. शॅप्ली यांनी या ताऱ्याचा दाखला दिला. देवयानी इतकी दूर असेल, तर तो एकटा तारा कोट्यवधी सूर्यांइतका तेजस्वी मानावा लागेल. हे कसे शक्य आहे? म्हणजे हा ढग जवळचाच असणार.

तर्कात चूक नव्हती, गृहीतकात होती. १९२३ पासून एडविन हबल यांनी देवयानीतल्या सेफीड जातीच्या ताऱ्यांचा अभ्यास करून तिचे अंतर काढले. ती आकाशगंगेच्या पार बाहेर निघाली. आजच्या मोजणीप्रमाणे हे अंतर सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे आहे. म्हणजे तो तारा खरोखरच तितका तेजस्वी होता! १९३४ मध्ये वॉल्टर बाडे आणि फ्रिट्झ झ्विकी यांनी अशा ताऱ्यांना साध्या नवताऱ्यांपासून वेगळे काढून ‘सुपरनोव्हा’ म्हटले. आपण त्यांना अतिनवतारे म्हणू. दीर्घिका कळली तेव्हा कुठे स्फोट कळला.

मरणाचे दोन मार्ग

तारे मुख्यतः दोन मार्गांनी फुटतात. पहिला मार्ग सूर्याच्या सुमारे आठपटींहून जड असलेल्या ताऱ्यांचा. त्यांचे इंधन संपले की गाभा स्वतःच्याच भाराने कोसळतो आणि बाहेरचे थर उधळले जातात. मागे न्यूट्रॉन तारा किंवा कृष्णविवर उरते.

दुसरा मार्ग लहान ताऱ्यांचा आहे. सूर्यासारखा तारा म्हातारपणी श्वेतबटू होतो. तो एकटा असेल तर हळूहळू निवत जातो. पण त्याला जोडीदार असेल, तर त्याच्याकडून वायू ओढून किंवा दुसऱ्या श्वेतबटूशी एकरूप होऊन त्याचे वस्तुमान वाढू शकते. श्वेतबटूचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे १.४ पटींच्या पुढे जाऊ शकत नाही, हे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी १९३० च्या सुमारास, ऐन विशीत दाखवून दिले. ही मर्यादा जवळ आली की त्यातला कार्बन एकदम पेटतो आणि सबंध ताराच उधळून जातो. अशा स्फोटांना ‘१ए’ प्रकार म्हणतात.

आता खरा मुद्दा येतो तो वयाचा. जड तारा इंधन उधळपट्टीने जाळतो. सूर्याचे एकूण आयुष्य सुमारे १,००० कोटी वर्षांचे, तर सूर्याच्या २० पट वस्तुमानाच्या ताऱ्याचे जेमतेम एक कोटी वर्षांचे. याउलट श्वेतबटू आधी तयार होण्यात आणि मग फुटण्यात काही कोटींपासून शेकडो कोटी वर्षे जाऊ शकतात.

फळ्यावरचे एक गणित

जन्मस्थानापासून सेकंदाला १० किलोमीटर वेगाने दूर जाणारा एक जड तारा घ्या. एका वर्षात सुमारे ३.१५ कोटी सेकंद असतात. म्हणजे तो वर्षाला ३१.५ कोटी किलोमीटर जाईल. एक प्रकाशवर्ष म्हणजे सुमारे ९.५ लाख कोटी किलोमीटर. तर एक कोटी वर्षांत तो किती प्रकाशवर्षे गेला? उत्तर येते, सुमारे ३३०.

हे अंतर मोठे वाटते का? सप्तर्षीच्या शेपटीजवळची एम १०१ ही सर्पिल दीर्घिका सुमारे १ लाख ७० हजार प्रकाशवर्षे रुंद आहे. तिचे १७ सेंटिमीटर रुंद चित्र काढले, तर त्यावर ३३० प्रकाशवर्षे म्हणजे मिलिमीटरचा एक तृतीयांश भाग. पेन्सिलीच्या टोकाने काढलेला ठिपका! जड ताऱ्याला घर सोडून जायला वेळच मिळत नाही. तो जन्मला तिथेच मरतो.

सर्पिल दीर्घिकांच्या भुजांमध्ये वायू आणि धूळ भरपूर असते आणि तिथे तारे जन्मत असतात. म्हणून जड ताऱ्यांचे स्फोट तिथेच सापडतात. लंबवर्तुळाकार दीर्घिकांत थंड वायू फारसा उरलेला नसतो, त्यामुळे नवे तारे जवळजवळ जन्मतच नाहीत. तिथे दिसणारे स्फोट जवळजवळ सगळे १ए प्रकारचे, म्हणजे जुन्या ताऱ्यांचे असतात.

दोन दीर्घिकांची तुलना करून पाहा. एनजीसी ६९४६ या सर्पिल दीर्घिकेत तारे जोमाने जन्मत आहेत. तिच्यात १९१७ ते २०१७ या शंभर वर्षांत दहा स्फोटांची नोंद झाली. त्यांतल्या एकाबद्दल मतभेद आहेत, पण ज्यांचा नीट अभ्यास झाला ते अतिनवतारे जड ताऱ्यांचे होते. एनजीसी १३१६ ही दीर्घिका मुख्यतः जुन्या ताऱ्यांची आहे. तिच्यात १९८० ते २००६ या काळात चार अतिनवतारे सापडले, आणि चारही १ए प्रकारचे!

भूछत्र आणि चिंच

इथे एक सावधगिरी हवी. कुठे भूछत्रे उगवलेली दिसली, तर तिथे नुकताच पाऊस पडून गेला असे आपण खुशाल म्हणतो. चिंचेचे जुने झाड पाहून मात्र पाऊस काल पडला की महिन्यापूर्वी, हे सांगता येत नाही. चिंच कोरड्या रानातही असते आणि ओल्या रानातही.

जड ताऱ्याचा स्फोट भूछत्रासारखा आहे. तो दिसला की जवळपास तारे नुकतेच जन्मले आहेत हे नक्की. १ए प्रकारचा स्फोट चिंचेसारखा आहे. तो कुठेही होऊ शकतो, अगदी सर्पिल भुजेतही.

एम १०१ मध्ये हे दोन्ही पाहायला मिळाले. ऑगस्ट २०११ मध्ये तिथे १ए प्रकारचा अतिनवतारा सापडला. हबल दुर्बिणीच्या जुन्या छायाचित्रांत त्या जागी काय होते हे तपासले, तर तारा दिसलाच नाही. मूळ तारा श्वेतबटूसारखा अंधुक असेल, तर असेच व्हायला हवे. पुढे १९ मे २०२३ रोजी जपानचे हौशी निरीक्षक कोइची इतागाकी यांना त्याच दीर्घिकेत आणखी एक अतिनवतारा सापडला. तो एका सर्पिल भुजेत, तारे जन्मत असलेल्या वायूच्या मोठ्या ढगाजवळ होता. या वेळी जुन्या छायाचित्रांत त्या जागी धुळीने वेढलेला एक तांबडा महाकाय तारा सापडला. लडाखमधील हान्ले येथल्या हिमालयन चंद्र दुर्बिणीतूनही या स्फोटाचा अभ्यास झाला.

नाव चुकले, पत्ता बरोबर

रूडॉल्फ मिंकोव्स्की यांनी १९४१ मध्ये अतिनवताऱ्यांचे दोन प्रकार केले. वर्णपटात हायड्रोजन नसेल तर पहिला, असेल तर दुसरा. ही वाटणी चाळीसेक वर्षे चालली. १९८० च्या दशकात मात्र पहिल्या प्रकारातले काही स्फोट खटकू लागले. त्यांच्यात हायड्रोजन नव्हता हे खरे, पण ते नेहमी सर्पिल भुजांत आणि वायूच्या ढगांजवळ सापडत. चिंचेने नेहमी भूछत्रांच्या शेजारीच का उगवावे?

उलगडा असा झाला की हे जड तारेच होते. मरण्यापूर्वी त्यांनी हायड्रोजनचे बाहेरचे थर गमावलेले होते. त्यांना ‘१बी’ आणि ‘१सी’ अशी नावे मिळाली. यादीतले नाव चुकले होते, पण पत्ता खरे बोलत होता.

देणे आणि घेणे

दीर्घिका स्फोटांबद्दल सांगते, तसे स्फोटही दीर्घिकेला घडवतात. आपण श्वासात घेतो तो ऑक्सिजन बहुतांशी जड ताऱ्यांत तयार होऊन बाहेर फेकला गेला. रक्तातल्या लोहाचा मोठा वाटा १ए स्फोटांकडून आला. जिथे स्फोट वरचेवर होतात तिथे ते दीर्घिकेतला वायूच बाहेर लोटतात. एम ८२ या दीर्घिकेच्या चकतीच्या दोन्ही बाजूंना असा उसळणारा वायू छायाचित्रांत दिसतो. वायू गेला की नव्या ताऱ्यांचा कच्चा मालही गेला.

यात आणखी एक मोठी गोष्ट पणाला लागली आहे. १ए अतिनवताऱ्यांची खरी तेजस्विता अजमावता येते, म्हणून दूरच्या दीर्घिकांची अंतरे मोजायला ते वापरतात. विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढतो आहे, हे १९९८ मध्ये त्यांच्याच आधारे कळले आणि २०११ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक त्या शोधाला मिळाले. पण २०१० च्या सुमारास लक्षात आले, की नेहमीच्या दुरुस्त्या करूनही जड दीर्घिकांतले १ए स्फोट हलक्या दीर्घिकांतल्या स्फोटांपेक्षा किंचित अधिक तेजस्वी ठरतात. हा परिणाम धुळीचा की ताऱ्यांच्या वयाचा, यावर वाद चालू आहे. फरक काही टक्क्यांचाच आहे, पण विश्व मोजायचे तर तो सोडून चालत नाही. म्हणून आता दीर्घिकेचे वस्तुमानही हिशेबात घेतात. शॅप्लींची गोष्ट आठवावी असाच हा धडा आहे.

आणि आपल्या घरी?

आपल्या आकाशगंगेत शतकाला सरासरी दोन-तीन स्फोट व्हावेत असा अंदाज आहे. पण इथला अतिनवतारा नुसत्या डोळ्यांनी स्पष्ट दिसला तो शेवटचा १६०४ मध्ये. मग बाकीचे गेले कुठे? आपण चकतीच्या आत बसलो आहोत आणि मधली धूळ त्यांचा प्रकाश अडवते. आकाशगंगेच्या केंद्राच्या दिशेला एका स्फोटाचे अवशेष सापडले आहेत. त्यांचे वय शंभरपेक्षा थोडेच अधिक आहे, असे २००८ मध्ये जाहीर झाले. म्हणजे आपल्या पणजोबांच्या काळात कधीतरी तो प्रकाश इथे यायला हवा होता, पण पृथ्वीवर कोणाला काही दिसले नाही.

दुसऱ्याचे घर बाहेरून दिसते, आपले दिसत नाही. म्हणूनच आपल्या आकाशगंगेबद्दलचे हे अंदाज बांधायला एम १०१ किंवा एनजीसी ६९४६ सारख्या परक्या दीर्घिकांची मदत घ्यावी लागते.

वर्गात एम १०१ चे मोठे चित्र लावा. मुलांना विचारा, जड ताऱ्याचा पुढचा स्फोट शोधायचा तर दुर्बीण चित्रातल्या कोणत्या भागाकडे वळवाल? भुजांवरच्या निळसर-गुलाबी ठिपक्यांवर त्यांनी बोट ठेवले, तर पुढचा प्रश्न विचारा : ‘तिथेच का?’