जुनं फर्निचर मोजून डेन्मार्क खुर्च्यांचा बादशहा झाला, त्यात एक खुर्ची आपल्या रुरकीची होती

२६ सप्टेंबर १९६०. अमेरिकेत केनेडी आणि निक्सन यांची पहिली डिबेट टीव्हीवर दिसली. दोघांसाठी स्टुडिओत ज्या लाकडी खुर्च्या ठेवल्या होत्या, त्या डेन्मार्कच्या हान्स वेग्नरने १९४९ साली डिझाइन केल्या होत्या. या खुर्चीला पुढे नुसतं 'द चेअर' एवढंच नाव पडलं.

पण तिची ती गोल वळलेली पाठ वेग्नरला सुचली कुठून? तर चीनमधून. मिंग काळातल्या चिनी खुर्च्यांवर बसलेल्या डॅनिश व्यापाऱ्यांची जुनी चित्रं त्याच्या पाहण्यात आली. त्यावरून १९४४ मध्ये त्याने 'चायना चेअर' बनवली. मग एकेक अनावश्यक भाग काढत तो पुढच्या खुर्च्यांपर्यंत पोचला.

आता तुम्ही म्हणाल, ही तर कॉपी झाली. पण डेन्मार्कमध्ये जुन्या वस्तूंवरून शिकणं हा रीतसर अभ्यासक्रमाचा भाग होता.

त्यामागचा माणूस म्हणजे कारे क्लिंट. १९२४ पासून तो कोपनहेगनच्या रॉयल अकादमीत फर्निचर शिकवायचा. वेग्नरचा शिक्षक याच क्लिंटचा विद्यार्थी. तो काळ जर्मनीच्या बाउहाउसचा. तिथला सूर असा की जुनं विसरा, पाटी कोरी करा. क्लिंटचं म्हणणं बरोब्बर उलटं होतं. माणूस हजारो वर्षं बसतोय, त्यामुळे बसण्याचे बरेचसे प्रश्न कुणीतरी आधीच सोडवलेले असणार. मग तो विद्यार्थ्यांना म्युझियममधल्या जुन्या खुर्च्या मोजायला लावायचा आणि मापासकट त्यांची ड्रॉइंग काढून घ्यायचा.

नुसतं मोजून काय कळतं? फोटोत खुर्चीची बैठक सपाट दिसते. पट्टी लावली की समजतं, ती मागच्या बाजूला किंचित उतरती आहे, म्हणून माणूस पुढे घसरत नाही. मागचे पाय तिरके असतात, कारण रेलल्यावर खुर्ची उलटायला नको. लाकूड कुठे जाड ठेवलंय आणि कुठे बारीक केलंय, त्यावरून वजन कुठे पडतं ते कळतं. इन्स्टाग्रामवर खुर्चीचे हजार फोटो सेव्ह केले तरी यातलं काही हाती लागत नाही.

क्लिंटची स्वतःची १९३३ सालची 'सफारी चेअर' प्रसिद्ध आहे. आणि ती आली कुठून? ब्रिटिश काळात आपल्या रुरकीत लष्कराच्या इंजिनिअरांचं ठाणं होतं. तिथल्या नावाने एक घडीची खुर्ची अधिकाऱ्यांमध्ये लोकप्रिय होती. तिच्या पायांच्या सांध्यांना खिळा नाही, स्क्रू नाही, गोंद नाही. आडव्या दांड्यांची टोकं निमुळती, तीच पायांच्या भोकात खोचायची. वरून कॅनव्हास. माणूस बसला की त्याच्याच वजनाने सांधे घट्ट होतात. सांधे थोडे हलते असल्यामुळे खडबडीत जमिनीवरसुद्धा चारही पाय टेकतात. उठलात की सोडवा, गुंडाळा, निघा. क्लिंटने म्हणे ती आफ्रिकेतल्या सफारीवरच्या एका पुस्तकातल्या फोटोत पाहिली होती.

डिझाइनच्या इतिहासात क्लिंटचं नाव आहे. निमुळत्या सांध्याची ती युक्ती पहिल्यांदा कुणाच्या हातून उतरली, त्याचं नाव मात्र कुठे येत नाही.

मग भारतात काय झालं? सरकारच्या बोलावण्यावरून चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन जोडप्याने १९५८ मध्ये 'इंडिया रिपोर्ट' दिला. त्यानंतर १९६१ मध्ये अहमदाबादला एनआयडी सुरू झाली. ईम्स यांना इथे सगळ्यात जास्त आवडली वस्तू कोणती, तर लोटा. तो डोक्यावर कसा तोलला जातो, कमरेवर कसा बसतो, त्यातून पाणी कसं ओतलं जातं, असे प्रश्न त्यांनी त्या लोट्याला विचारले. म्हणजे क्लिंटचीच पद्धत.

हेच प्रश्न आपल्या बाजेला विचारून बघा. बाजेची वीण पायथ्यापर्यंत जात नाही. तिथे मोकळी जागा सोडून वेगळी दोरी ओवलेली असते. झोळ पडला की तेवढी दोरी ताणायची, बाज पुन्हा टणक. गादी दबली की ती थेट बदलायची सवय लागलेल्या आपल्याला ही भारी सोय वाटायला हवी. पाट उलटा करा. खाली लाकडाच्या रेषांना आडव्या दोन पट्ट्या दिसतील. त्या पाय म्हणून आहेतच, पण पावसाळ्यात रुंद फळी वाकू नये हे त्यांचं मोठं काम.

पारंपरिक फर्निचर शिकायचं म्हणजे हे शिकायचं. जुन्या दाराचं कॉफी टेबल करून वर काच ठेवली आणि 'एथनिक' म्हणून विकलं, तर त्यात दार आहे, शिकणं नाही. मला तरी कॉलेजच्या प्रदर्शनांत असलंच जास्त दिसतं.

अडचण एवढीच की डेन्मार्कच्या विद्यार्थ्यांसाठी जुन्या खुर्च्या म्युझियममध्ये सांभाळून ठेवल्या होत्या. आपल्याकडे बाज मोडली की लाकूड चुलीत जातं. आणि विणणाऱ्याची पुढची पिढी तो धंदा करत असेलच असं नाही.

डिझाइन शिकत असाल किंवा नसाल, दिवाळीला गावी गेलात आणि बाज दिसली तर टेप काढा. उंची, लांबी, रुंदी, दोरीची जाडी लिहून घ्या. विणीचा फोटो वरून आणि खालून, दोन्हीकडून काढा. सांध्याचा जवळून काढा. आणि विणणारा माणूस अजून असेल तर त्याला विचारून व्हिडिओ घ्या. कॅमेरा त्याच्या हातांवर ठेवा, कारण दोरीचा पहिला वळसा कुठून सुरू होतो, ते तयार बाजेकडे बघून कळत नाही.